मामाच्या मुलीशी लग्न केलं आणि डार्विनला आयुष्यभर एकच भीती छळत राहिली

जुलै १८३८. लंडनमध्ये राहणाऱ्या २९ वर्षांच्या एका तरुणाने कागद घेतला आणि त्यावर दोन रकाने पाडले. एकीकडे लग्न करण्याचे फायदे, दुसरीकडे न करण्याचे. न करण्याच्या बाजूला मोकळीक आणि पुस्तकांसाठी उरणारा पैसा होता. करण्याच्या बाजूला मुलंबाळं आणि म्हातारपणची सोबत होती. शेवटी लग्नाचं पारडं जड झालं.

हा तरुण म्हणजे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन. त्याने यादीत बारीकसारीक गोष्टींचा विचार केला, पण बायको नात्यातली असावी की नसावी हा मुद्दाच त्यात नव्हता. पुढे हाच मुद्दा त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही.

मामा झाला सासरा

डार्विनची आई सुझाना ही वेजवूड घराण्यातली. चिनी मातीच्या भांड्यांसाठी जगभर नाव कमावलेलं हे घराणं. डार्विनचा मामा जोसाया वेजवूड याचा भाच्यावर जीव होता. १८३१ मध्ये बीगल जहाजावरून जायची संधी आली तेव्हा वडिलांनी नकार दिला होता. मामाने मध्यस्थी केली म्हणून तो प्रवास झाला, आणि त्याच प्रवासातून पुढचं सगळं घडलं.

याच मामाची धाकटी मुलगी एमा. ती डार्विनपेक्षा नऊ महिन्यांनी मोठी. २९ जानेवारी १८३९ रोजी दोघांचं लग्न झालं. त्याआधी १८३७ मध्ये डार्विनची बहीण कॅरोलाइन हिने एमाच्या भावाशी लग्न केलं होतं. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. दोघांचे आजी-आजोबाही एकमेकांच्या लांबच्या नात्यातले होते.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने अल्बर्टशी लग्न केलं. तोही तिच्या मामाचाच मुलगा.

दहा मुलं, तीन मृत्यू

चार्ल्स आणि एमाला दहा मुलं झाली. १८४२ मध्ये ते केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेले. त्याच वर्षी जन्मलेली मेरी जेमतेम तीन आठवडे जगली.

सगळ्यात मोठा घाव बसला १८५१ मध्ये. थोरली मुलगी अ‍ॅनी दहा वर्षांची होती. तिची तब्येत ढासळली म्हणून डार्विन तिला मॅल्व्हर्न इथे पाण्याच्या उपचारांसाठी घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला घरीच थांबावं लागलं. २३ एप्रिलला अ‍ॅनी गेली. तिला क्षयरोग असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

शेवटचा मुलगा चार्ल्स वॉरिंग १८५६ मध्ये झाला, तेव्हा एमा ४८ वर्षांची होती. हा मुलगा उशिरापर्यंत चालायला-बोलायला लागला नाही. जून १८५८ मध्ये स्कार्लेट फीव्हरने तो गेला. काही दिवसांतच, १ जुलैला, लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचा सिद्धांत पहिल्यांदा वाचला गेला. डार्विन तिथे नव्हता. घरात मुलाचं दुःख होतं.

डार्विन स्वतःही सतत आजारी असायचा. उलट्या, पोटदुखी, थकवा. आपलं आजारपण मुलांमध्ये उतरेल ही धास्ती त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा बोलून दाखवली. आईवडील एकाच रक्ताचे असल्याची शिक्षा मुलांना मिळतेय का, हा प्रश्न त्याला छळायचा.

उत्तर शोधायला आधी झाडं, मग जनगणना

डार्विनने हा प्रश्न झाडांना विचारला. सुमारे ११ वर्षं त्याने ५७ जातींच्या वनस्पतींवर प्रयोग केले. काही फुलांचं स्वतःच्याच परागकणांनी फलन केलं, काहींचं दुसऱ्या झाडाच्या परागकणांनी. स्वफलनातून आलेली रोपं बहुतेक वेळा खुजी निघाली आणि त्यांना बियाही कमी धरल्या. हे पुस्तक १८७६ मध्ये आलं.

पण माणसांचं काय? १८७१ ची जनगणना जवळ आली होती. डार्विनने आपला शेजारी आणि खासदार जॉन लबक याला गाठलं. प्रत्येक घरात नवरा-बायको चुलत, मामे, आते, मावस नात्यातले आहेत का, एवढा एक प्रश्न जनगणनेत घाला, ही त्याची मागणी होती. संसदेने ती फेटाळली.

मग मुलगा जॉर्ज कामाला लागला. त्याने लग्नाच्या नोंदी चाळल्या, मनोरुग्णालयांकडून माहिती मागवली आणि १८७५ मध्ये निष्कर्ष मांडले. उमराव घराण्यांत साधारण साडेचार टक्के लग्नं अशा सख्ख्या नात्यातली होती. मनोरुग्णालयांत मात्र अशा जोडप्यांच्या मुलांचा भरणा जास्त असल्याचं ठोस दिसलं नाही. धोका असलाच तर खात्यापित्या घरांत तो कमी असावा, असा त्याचा सूर होता. डार्विनला यातून थोडा दिलासा मिळाला.

मग डार्विनची भीती खरी होती का?

बरीचशी खरी होती, पण त्याला वाटायचं तेवढी मोठी नव्हती.

आपल्या प्रत्येकाच्या शरीरात काही बिघडलेले जनुक असतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यातली एक चांगली असली की काम भागतं आणि बिघाड दिसत नाही. नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असतील, तर तोच बिघाड दोघांकडेही आलेला असण्याची शक्यता वाढते. दोघांकडेही तो असेल, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते.

एरवी १०० पैकी साधारण ३ बाळांमध्ये जन्मतः व्यंग असतं. आतेभाऊ-मामेबहीण अशा जोडप्यांत हे प्रमाण ६ च्या आसपास जातं. म्हणजे धोका दुप्पट होतो, तरी १०० पैकी ९४ बाळं जन्मतः अशा व्यंगाशिवाय येतात. मात्र पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत लग्नं होत राहिली की हा धोका साचत जातो.

२०१० मध्ये संशोधकांनी डार्विन-वेजवूड घराण्याच्या चार पिढ्या तपासल्या. जिथे रक्ताचं नातं जास्त जवळचं, तिथे लहानपणी दगावणाऱ्या मुलांचं प्रमाणही जास्त दिसलं. तरी डार्विनची सात मुलं मोठी झाली. जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस यांना रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि सर हा किताब मिळाला. विल्यम, हेन्रिएटा आणि लिओनार्ड यांची लग्नं झाली, पण त्यांना मूल झालं नाही. हे नात्यातल्या लग्नामुळेच झालं का, हे एका घरावरून सांगता येत नाही.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं?

कारण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानला जातो. हिंदू विवाह कायदा एवढ्या जवळच्या नात्यात लग्नाला मनाई करतो, पण समाजात तशी रूढी असेल तर मुभा देतो. त्यामुळे असं स्थळ अनेक घरांत आजही येतं.

अशा वेळी दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक, आमच्यात चालतं, काही होत नाही. दुसरी, मूल अपंगच होणार. दोन्ही चूक आहेत. घरात कुणाला थॅलेसेमिया, जन्मतः बहिरेपण किंवा मतिमंदत्व आहे का, लहानपणी मुलं दगावली आहेत का, हे मोठ्यांना मोकळेपणाने विचारा. थॅलेसेमियाची रक्ततपासणी दोघांचीही करा. जेनेटिक काउन्सेलरला भेटा. लग्न आधीच झालं असेल तर गरोदरपणाआधी भेटा. तपासण्यांतून सगळेच आजार कळत नाहीत, पण मोठे धोके आधी लक्षात येऊ शकतात.

आणि मूल आजारी जन्मलं तर सुनेला बोल लावू नका. असा बिघाड दोन्हीकडून आलेला असतो.

डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी गेला. ग्रेगोर मेंडेल याने आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्येच छापले होते, पण जगाचं त्याकडे लक्ष गेलं १९०० मध्ये. अ‍ॅनी का गेली याचं उत्तर डार्विनला शेवटपर्यंत मिळालं नाही. त्याच्या काळात अशी कुठली तपासणीच नव्हती. आज निदान काही आजारांसाठी ती आहे.