अटींच्या चौकटीतून उत्तर शोधणारा गणिती

अनेक अटी एकाच वेळी पाळून सर्वांत चांगला निर्णय कसा घ्यायचा, याचे गणित मांडणाऱ्यांत लिओनिद कान्टोरोविच यांचे नाव अग्रभागी आहे. १९१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. अठराव्या वर्षी ते लेनिनग्राड विद्यापीठाचे पदवीधर झाले, तर बाविसाव्या वर्षी प्राध्यापक.

१९३८ मध्ये प्लायवूड उद्योगाच्या प्रयोगशाळेने त्यांच्यापुढे एक अडचण ठेवली. यंत्रे आठ, लाकडाचे प्रकार पाच. प्रत्येक यंत्राचा वेग लाकडानुसार बदलणारा. ठरलेले प्रमाण राखून जास्तीत जास्त उत्पादन व्हावे, यासाठी कोणत्या यंत्राला कोणते लाकूड किती वेळ द्यायचे? एकेक पर्याय तपासत बसणे अशक्य होते. कान्टोरोविच यांनी प्रत्येक अटीला एक आकडा जोडला. एखाद्या यंत्राचा आणखी एक तास मिळाला तर उत्पादन किती वाढेल, हे त्या आकड्यावरून कळे. १९३९ मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तिकेत मांडली. पुढे ‘रेषीय नियोजन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शास्त्राचा तो पाया होता.

हे आकडे वस्तूंच्या किमतींसारखे वागत. वस्तूचे मोल श्रमावरूनच ठरते, असे मानणाऱ्या सोव्हिएत व्यवस्थेला ते रुचणारे नव्हते आणि त्या काळी असे मत मांडणे धोक्याचे होते. १९४२ मध्ये लिहून झालेले त्यांचे अर्थशास्त्रावरील पुस्तक १९५९ मध्ये प्रकाशित झाले. दरम्यान १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी अशा प्रश्नांसाठी स्वतंत्रपणे ‘सिम्प्लेक्स’ पद्धत शोधली होती. अखेर १९७५ मध्ये कान्टोरोविच यांना त्यालिंग कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

१९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जाफर आणि लासे या संगणकतज्ज्ञांनी ‘कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रॅमिंग’ची चौकट मांडली. यात संगणकाला उत्तराची एकेक पायरी सांगावी लागत नाही, अटी सांगाव्या लागतात. अटींत न बसणारे पर्याय तो स्वतः गाळतो. रेषीय अटी आल्या की सिम्प्लेक्ससारखी पद्धत इथेही कामी येते.

रुग्णालयातील परिचारिकांचे ड्यूटी-पत्रक असे बनवता येते. रात्रपाळीनंतर लगेच दिवसपाळी नको, प्रत्येक पाळीत अतिदक्षता विभागाचा अनुभव असलेली एक तरी परिचारिका हवी, साप्ताहिक सुटी चुकायला नको. एकही पर्याय उरला नाही, तर दोष पत्रक बनवणाऱ्याचा नसतो. त्या अटींत मनुष्यबळच अपुरे आहे, हे तेव्हा उघड होते. आणखी एक परिचारिका मिळाल्याने किती फरक पडेल, हा प्लायवूडच्या यंत्रांबाबत विचारलेलाच प्रश्न मग इथेही विचारता येतो.