डॉ. ल्यूसी विल्स आणि पंडुरोगी माता

भालकी-बसवकल्याणपासून आळंदपर्यंतच्या आपल्या मराठी मंडळ्यांतून पंडुरोगाचे मूल पाहिलेच नाही अशी भगिनी विरळाच. पापणी उलटून पाहावी तर आत पांढरे, चार पावले धावले की धाप. मग एखाद्या तापाचे निमित्त होते आणि मूल बिदर किंवा कलबुर्गीच्या इस्पितळात पोहोचते. हिमोग्लोबिन चार ग्रॅमपर्यंत उतरले असेल तर डॉक्टर रक्त चढवायला सांगतात, आणि तेही सावकाश, कारण थकलेल्या हृदयाला एकदम भार सोसत नाही. अशा वेळी चुलते-मामा रक्त द्यायला कचरतात. ही भीती व्यर्थ आहे. निरोगी माणसाचे दिलेले रक्त काही आठवड्यांत भरून येते. रक्ताने मूल वाचते, पण पुष्कळदा रोगाचे मूळ आईच्या ताटात तसेच राहते. (थॅलसेमियाची गोष्ट निराळी. त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच, त्यात ताटाचा दोष नाही.) हे मूळ शोधण्यासाठी मुंबईत राबलेल्या एका बाईंचे चरित्र संडे स्कूलच्या शिक्षकांना ठाऊक असावे असे वाटते.

ल्यूसी विल्स यांचा जन्म 1888 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, परंतु पदवी मिळाली नाही, कारण ते विद्यापीठ 1948 पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नसे. 1914 साली महायुद्ध पेटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाऊनला त्यांनी जखमी-आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि परत येऊन लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले. 1920 साली त्या डॉक्टर झाल्या.

त्या मिशनरी नव्हत्या. आपल्या मासिकांतून बहुधा मिशनऱ्यांचीच चरित्रे येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

1928 साली डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून त्या परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गरीब बाया, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या, गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक बाळंतपणात दगावत. विल्सबाईंनी रक्त तपासले, तसेच या बाया काय खातात याचीही चौकशी केली. ज्यांचे जेवण निकृष्ट त्यांनाच हा रोग अधिक, असे दिसून आले. मग त्यांनी उंदरांना तसलेच अन्न घातले. तेही पंडुरोगी झाले, आणि यीस्ट दिल्यावर रोग टळला. पुढे कळले की उंदरांचा रोग उवांतून पसरणाऱ्या जंतूंचा होता! तेव्हा त्या माकडांकडे वळल्या. एक माकड अगदी मरायला टेकले असता त्याला मार्माइट, म्हणजे दारूभट्टीत उरलेल्या यीस्टचा स्वस्त अर्क, चारला आणि ते उठून बसले. मातांनाही त्याने गुण आला. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. काळजाचा अर्क तेव्हा माहीत होता, पण तो महाग, शिवाय कित्येक हिंदू बायांना वर्ज्य. गरिबाला परवडेल असे औषध सापडले, यातच मला या कामाची थोरवी दिसते. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने तिला खायला द्यायला सांगितले, ते येथे आठवते.

मार्माइटमधील त्या द्रव्याला पुष्कळ वर्षे विल्सबाईंचेच नाव होते. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच फोलिक आम्ल, आणि 1945 पर्यंत ते कारखान्यात तयार होऊ लागले. आपल्या तूरडाळीत, हरभऱ्यात, मेथीत ते असते, परंतु भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकले की त्यातले बरेचसे जाते. कलबुर्गी तुरीचे कोठार, तरी तूर पिकवणाऱ्याच्या घरी वरण पातळच!

1933 साली त्या भारतातून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बाँब पडत असताना त्यांनी गरोदर स्त्रियांना लोह देऊन पाहण्याचे काम चालवले होते. आपल्याकडे पंडुरोगाचे सर्वांत मोठे कारण लोहाची उणीवच आहे, आणि आईकडे लोह नसेल तर बाळाची शिदोरीही तोकडी असते. त्या अविवाहित राहिल्या. अखेरची वर्षे त्या चेल्सी येथे नगरसेविका होत्या. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारी योजनेत लहान मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी आणि मोठ्यांना निळी गोळी देतात, तिच्यात लोह व फोलिक आम्ल दोन्ही असतात. मळमळते म्हणून मुले ती गुपचूप फेकून देतात. उपाशीपोटी न देता जेवणावर दिली की हा त्रास कमी होतो.