भारताचं ऊन मोजणाऱ्या ॲना मणी कोण होत्या?

वसई-विरारमधल्या आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी तयार होतात. आभाळ भरून आलं, तर मात्र सगळी मेहनत वाया जाऊ शकते. ऊन पुरेसं आहे की नाही, हे वाळवणाऱ्याला अनुभवाने कळतं. पण अख्ख्या देशात कुठे, कधी आणि किती ऊन पडतं, हे कसं कळणार? हा हिशेब मांडण्यात आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञ म्हणजे ॲना मणी.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळमधल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला त्यांनी हिऱ्याच्या कुड्या नाकारून ज्ञानकोश मागितला. पुढे बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं. १९४५ मध्ये प्रबंधही सादर केला. पण एम.एस्सी. झालेली नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली.

त्याच वर्षी त्या लंडनला गेल्या आणि हवामान मोजणाऱ्या उपकरणांचं शिक्षण घेतलं. १९४८ मध्ये परतल्यावर त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले आणि ती देशातच बनू लागली. मोजमाप चुकीचं असेल तर ते न केलेलंच बरं, यावर त्या ठाम होत्या.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. प्रारण म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा. पिकं तिच्यावरच अन्न बनवतात, समुद्राच्या पाण्याची वाफ तिच्यामुळेच होते आणि मान्सूनही तिच्यावरच चालतो. ती मोजणाऱ्या उपकरणात काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. ऊन पडलं की तो तापतो. त्यातून सूक्ष्म वीजदाब तयार होतो आणि त्यावरून दर चौरस मीटरला किती ऊर्जा मिळाली, हे कळतं.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सौर प्रारणावरचे त्यांचे दोन ग्रंथ आले. सौरऊर्जेवर काम करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे देशभरातली भरवशाची आकडेवारी आली.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं. पीएच.डी. त्यांना कधीच मिळाली नाही. पण आज छतावर सोलर पॅनल बसवण्याआधी तिथे वर्षभरात किती ऊन मिळेल, हे आपण आकड्यांत विचारू शकतो. त्या आकड्यांचा भारतातला पाया मणी यांनी घातला.