जॉन वेस्ली आणि मरणाचें भय

थोर धर्मोपदेशकांचीं चरित्रें वाचतांना ते जन्मतःच निर्भय होते असा पुष्कळांचा ग्रह होतो. विद्यार्थ्यांस तर हा ग्रह विशेष घातक. कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीं ज्याची छाती धडधडते त्या मुलास वाटतें कीं, आपण त्या थोरांच्या जातीचे नव्हेच. म्हणून आम्ही येथें मुद्दाम अशा एका पुरुषाचें चरित्र घेतलें आहे कीं, जो पाळक होऊनही कित्येक वर्षें मरणास भीत होता. तो पुरुष म्हणजे मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली.

इंग्लंडांत लिंकनशायर परगण्यांतील एप्वर्थ गांवीं १७०३ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील सॅम्युएल तेथील पाळक होते. आई सुझाना हिला एकोणीस मुलें झालीं. त्यांपैकीं दहाच जगलीं. ही बाई मोठी शिस्तीची. प्रत्येक मुलाशीं एकांतांत बोलण्यासाठीं तिनें आठवड्यांतील एकेक संध्याकाळ नेमून ठेविली होती. जॉनचा वार गुरुवार. ज्या पालकांस मुलांशीं दोन शब्द बोलण्यास सवड मिळत नाहीं, त्यांनीं मुलांचा आंकडा पुन्हां एकदां वाचावा.

१७०९ सालीं एका रात्रीं पाळकाच्या घरास आग लागली. सर्व मंडळी बाहेर पडली. पांच वर्षांचा जॉन मात्र माडीवर राहिला. जिना पेटलेला. वडिलांनीं आशा सोडून गुडघे टेकले व मुलाचा आत्मा देवाच्या हवालीं केला. इतक्यांत मूल खिडकींत दिसलें. शिडी आणण्यास वेळ नव्हता. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्यानें मुलास बाहेर ओढलें. लागलीच छप्पर कोसळलें. देवानें हें मूल राखिलें तें कांहीं हेतूनेंच, असें आईच्या मनानें घेतलें.

पुढें ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें, ते पाळक झाले, आणि १७२६ सालीं लिंकन कॉलेजचे फेलो निवडले गेले. धाकटे बंधु चार्ल्स व कांहीं मित्र यांसह ते नेमानें उपास करीत, तुरुंगांतील कैद्यांस भेटत, गरिबांस पैसे देत. त्यांची ती नियमबद्ध राहणी पाहून इतर विद्यार्थ्यांनीं थट्टेनें त्यांस मेथॉडिस्ट हें नांव ठेविलें. नियमांत कोठेंही उणें नव्हतें. पण मनास शांति नव्हती.

१७३५ च्या ऑक्टोबरांत ते सिमंड्स नांवाच्या जहाजानें अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतीकडे निघाले. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे सव्वीस जर्मन लोक होते. हे लोक इतर उतारूंचीं हलकीं कामें आनंदानें करीत व अपमान मुकाट्यानें सोशीत. त्यांच्याशीं बोलतां यावें म्हणून वेस्लींनीं जर्मन भाषा शिकण्यास आरंभ केला. समुद्रावर एकामागून एक वादळें झालीं, आणि प्रत्येक वेळीं वेस्लींस आपण मरणास तयार नाहीं हें कळून लाज वाटली. २५ जानेवारी १७३६ रोजीं, रविवारीं संध्याकाळीं, जर्मन लोक उपासनेंत स्तोत्र गात असतां एक प्रचंड लाट जहाजावर आदळली. मुख्य शिडाच्या चिंध्या झाल्या, पाणी आंत घुसलें. इंग्रज उतारू किंकाळ्या फोडूं लागले. जर्मनांचें गाणें मात्र चालूच राहिलें. मागून वेस्लींनीं त्यांतील एकास, तुम्हांस भय वाटलें नाहीं काय, असें विचारलें. नाहीं, असें उत्तर आलें. बायकांमुलांचें काय, असें विचारतां, तींही मरणास भीत नाहींत, असें त्यानें शांतपणें सांगितलें. ऑक्सफर्डच्या पंडितास हा धडा साध्या कारागीर लोकांकडून मिळाला.

जॉर्जियांत वेस्लींस यश आलें नाहीं. त्यांचा कडवेपणा वसाहतीच्या लोकांस रुचला नाहीं, तंटे कोर्टापर्यंत गेले, आणि १७३७ च्या अखेरीस ते निराश होऊन परत निघाले. दुसऱ्यांस तारणाचा मार्ग दाखविण्यास गेलेल्या आपणासच तो सांपडला नाहीं, ही टोंचणी त्यांस लागली. लंडनांत पीटर बोलर या तरुण मोरेव्हियन उपदेशकानें त्यांस कृपा व विश्वास यांचा अर्थ समजाविला. २४ मे १७३८ रोजीं संध्याकाळीं आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेस ते मनाविरुद्ध गेले. तेथें रोमकरांस पत्राला लूथरनें लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचीत होता. पावणेनऊच्या सुमारास त्यांचें अंतःकरण ऊबदार झालें. आपला भरंवसा केवळ ख्रिस्तावर आहे व आपल्या पापांची क्षमा झाली आहे, अशी त्यांची खात्री झाली. आमच्या मतें येथें मर्म आहे: आजवर ते आपल्या सत्कृत्यांचा हिशेब मांडीत होते, आणि तो हिशेब कधींच पुरा होत नव्हता.

त्याच रात्रीं सर्व भय कायमचें पळालें असें मात्र नाहीं. घरीं परततांच शंकांनीं त्यांस पुन्हां गांठलें. फरक इतकाच कीं, पूर्वीं ते वारंवार हरत आणि आतां जिंकूं लागले, असें त्यांनींच नोंदून ठेविलें आहे.

१७३९ पासून ते उघड्या मैदानांत उपदेश करूं लागले. खाणींतले मजूरही ऐकावयास येत. १७४३ च्या ऑक्टोबरांत वेन्सबरी येथें दंगेखोरांनीं त्यांस घरांतून ओढून कित्येक तास पावसांत व अंधारांत फरफटत नेलें. त्यांनीं मोठ्यानें प्रार्थना आरंभिली, तों जमावाचा पुढारीच, जो पेशानें मुष्टियोद्धा होता, त्यांचा रक्षक बनला. आपल्या अभ्यासिकेंत बसल्याप्रमाणें आपलें मन सर्व वेळ स्वस्थ होतें, असें वेस्ली पुढें सांगत. सिमंड्स जहाजावर थरथर कांपणारा पुरुष तो हाच!

उर्वरित आयुष्यांत त्यांनीं बहुतेक घोड्यावरून सुमारें अडीच लक्ष मैल प्रवास केला व चाळीस हजारांवर प्रवचनें दिलीं. १७९१ च्या फेब्रुवारींत अंथरुणास खिळण्यापूर्वीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या विल्बरफोर्सला धीर देणारें पत्र त्यांनीं लिहिलें. वय सत्त्याऐंशी होतें. मरणापूर्वीं अशक्त आवाजांत ते स्तोत्र गाऊं लागले, तें ऐकून भोंवतालचे मित्र चकित झाले. २ मार्च रोजीं सकाळीं त्यांनीं देह ठेविला. गर्दी उसळूं नये म्हणून ९ मार्च रोजीं भल्या पहाटे, दिव्यांच्या उजेडांत, लंडनांतील सिटी रोडवरील त्यांच्या उपासनामंदिरामागें त्यांस पुरण्यांत आलें.