चाकात हवा भरणारे डनलॉप

जॉन डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. ते गुरांचे डॉक्टर होते. पुढे ते आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी राहायला गेले.

त्या काळी सायकलला भरीव रबराची चाके असत. दगडावरून गेली की हाडं खिळखिळी! परवा दूध घालताना बाबांचं चाक पंक्चर झालं. मी मागे बसलो होतो, म्हणून मला ठाऊक.

डनलॉप यांच्या मुलाची तीनचाकी सायकल होती. ती नीट पळावी म्हणून १८८७ साली त्यांनी रबराची नळी केली, लाकडी चकतीवर बसवली आणि पंपाने हवा भरली. मग भरीव चाक आणि हे चाक अंगणात सोडून बघितलं. हवेचं चाक लांब गेलं!

१८८९ साली बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हवेच्या चाकांवर बसला. जाड चाकं बघून लोक हसले. पण तोच जिंकला.

डनलॉप यांनी पेटंट घेतलं होतं, पण ते रद्द झालं. कारण रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच तसं पेटंट घेतलं होतं. डनलॉप यांना ते माहीतच नव्हतं. कारखान्याला नाव त्यांचं, फायदा जास्त दुसऱ्यांना. मला वाईट वाटलं. पण थॉमसन यांचा तरी काय दोष? ते बिचारे १८७३ सालीच वारले होते.

डनलॉप १९२१ साली डब्लिन येथे वारले.

आमच्या सायकलमध्ये रोज पहाटे मीच हवा भरतो.