होरमसजी कांगा

डॉ. होरमसजी दोराबजी कांगा (१८८०–१९४५) हे मुंबईचे क्रिकेटपटू, क्रिकेट संघटक आणि व्यवसायाने डॉक्टर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पारशी संघाचे आघाडीचे फलंदाज म्हणून त्यांनी नाव मिळवले. मुंबईत पावसाळ्यात खेळली जाणारी डॉ. एच. डी. कांगा स्मृती लीग ही स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

भारतीयांमध्ये क्रिकेट प्रथम रुजले ते मुंबईच्या पारशी समाजात. १८४८ मध्ये पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लबची स्थापना केली. १८८६ व १८८८ या वर्षी पारशी संघांनी इंग्लंडचे दौरे केले आणि १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवले. कांगा यांचे बालपण याच काळातले. त्या वेळी मोठे सामने धर्म व समाज यांच्या आधारे बनलेल्या संघांत होत. खेळाडू कोणत्या संघातून खेळणार, हे बहुधा त्याच्या जन्मानेच ठरलेले असे.

क्रिकेट कारकीर्द

१९०५ मध्ये पुण्यात युरोपियन संघाविरुद्ध कांगा यांनी २३३ धावांची खेळी केली. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या रणजितसिंहजींनी त्यापूर्वी द्विशतके केली होती; मात्र भारतातील प्रथम श्रेणी सामन्यात भारतीय खेळाडूने केलेले हे पहिले द्विशतक मानले जाते. १९०७ मध्ये हिंदू संघाच्या सहभागाने मुंबईची स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली सर्व समाजांतील खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कांगा या संघात होते, तसेच पळवणकर बाळू हेही होते. प्रथम श्रेणी सामन्यांपैकी बहुतेक सामने हा संघ हरला, तरी लीस्टरशायर व सॉमरसेट या कौंटी संघांवर त्याने विजय मिळवले. लीस्टरशायरविरुद्ध कांगा यांनी शतक झळकावले.

संघटनकार्य

निवृत्तीनंतर वैद्यकीय व्यवसाय सांभाळून कांगा क्रिकेटच्या कारभारात रमले. १९३० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे (आताचे मुंबई क्रिकेट असोसिएशन) अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, समाजनिहाय पंचरंगी स्पर्धाही बंद पडली.

कांगा लीग

कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये असोसिएशनने पावसाळी लीग सुरू केली. ओरिएंटल क्लबच्या स्थापनेला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. पावसाळ्यात मुंबईतील क्रिकेट थंडावत असे. ही स्पर्धा मात्र मुद्दाम त्याच दिवसांत ठेवण्यात आली. न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, तर कधी खालीच राहतो. मैदानावरील उंच गवतात जमिनीलगतचे फटके अडतात, म्हणून धावांसाठी चेंडू उचलून मारावा लागतो. अशा स्थितीत काढलेल्या वीस-पंचवीस धावाही सामन्याचे पारडे फिरवतात.

स्पर्धेत ‘ए’ ते ‘जी’ असे सात विभाग आहेत. हंगामाच्या शेवटी विभागातील वरच्या संघांना बढती मिळते आणि तळाचे संघ एक पायरी खाली उतरतात. या व्यवस्थेमुळे दुसऱ्या स्तरावरील ‘बी’ विभागाचा हंगाम विशेष चुरशीचा ठरतो. तेथे ‘ए’मधून घसरलेले जुने क्लब परतीसाठी झगडत असतात, खालून आलेले संघ पहिल्यांदाच शिखराच्या जवळ पोहोचलेले असतात आणि तळाच्या संघांना ‘सी’ विभागाची धास्ती असते. पावसाने अनेक रविवार वाया जातात. त्यामुळे जे थोडे सामने पुरे होतात, त्यांतील पहिल्या डावाची आघाडीही वर्षभराचे स्थान ठरवू शकते.

शिवाजी पार्क जिमखाना, दादर युनियन यांसारख्या क्लबांनी ही स्पर्धा गाजवली. सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर हे या लीगमध्ये खेळले. सचिन तेंडुलकर यांनी अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबकडून यात पदार्पण केले. नामवंतांच्या बरोबरीने बँकांतील व कारखान्यांतील नोकरदारही खेळत आले आहेत. शहर उत्तरेकडे वाढले तसे मालाड, कांदिवली, बोरिवली येथील खेळाडूही किटबॅग घेऊन रविवारच्या लोकलने आझाद मैदान किंवा ओव्हल गाठू लागले. पुढे कांदिवलीच्या पय्याडे स्पोर्ट्स क्लबसारख्या उपनगरी क्लबांनी वरच्या विभागांत स्थान मिळवले.

वारसा

कांगा यांनी ही स्पर्धा पाहिली नाही. ज्या क्रिकेटमध्ये ते घडले, त्यात खेळाडूचा संघ जन्माने ठरत असे. त्यांच्या नावाच्या लीगमध्ये मात्र कोणत्याही संघाचे स्थान कायमचे नाही. ते दर पावसाळ्यात नव्याने मिळवावे लागते. कांगा यांच्या खेळी आज विक्रमांच्या पुस्तकांपुरत्या उरल्या असल्या, तरी मुंबईच्या मैदानांवर त्यांचे नाव दरवर्षी पावसाबरोबर घेतले जाते.