परदेशी महोत्सवात सिनेमा कसा पोहोचतो? व्ही. शांताराम यांच्या व्हेनिस, कान, बर्लिन प्रवासातून समजून घ्या

डिजिटल डेस्क, सोलापूर : शॉर्टफिल्म असो की दोन तासांचा सिनेमा, एडिटिंग संपले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हा महोत्सवात पाठवायचा कसा? आता अर्ज मोबाइलवरून भरता येतो. पण सिनेमा लोखंडी डब्यांत भरून बोटीने जायचा, त्या काळात महाराष्ट्रातल्या एका दिग्दर्शकाचे सिनेमे जगातल्या तीन मोठ्या महोत्सवांत पोहोचले होते. ते म्हणजे व्ही. शांताराम. त्यांचे दोन सिनेमे तर थेट सोलापूरच्या माणसांशी जोडलेले आहेत.

टिनपत्र्याच्या थिएटरपासून सुरुवात

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1901 रोजी कोल्हापुरात झाला. शिक्षण फारसे झाले नाही. लहानपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केले आणि तिथल्याच पत्र्याच्या थिएटरात मिळेल ते काम करत फुकट सिनेमे पाहिले. 1920 मध्ये ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सगळे त्यांनी तिथेच शिकून घेतले.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली. आज तिथे एफटीआयआय आहे.

परदेशातला पहिला अनुभव फसलेला

1933 च्या 'सैरंध्री'ला शांताराम यांना रंगीत करायचे होते. ती सोय भारतात नव्हती, म्हणून ते फिल्म घेऊन जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. पण परदेशी स्टुडिओ, तिथली यंत्रे आणि कामाची पद्धत त्यांनी जवळून पाहिली. त्यांच्या पुढच्या सिनेमांतली प्रकाशयोजना पाहिली की ही फेरी वाया गेली नाही, हे लक्षात येते.

व्हेनिस ते कान

जगातला पहिला मोठा चित्रपट महोत्सव 1932 मध्ये व्हेनिसला सुरू झाला. दुर्गा खोटे यांनी समुद्री चाच्यांची राणी साकारलेला शांताराम यांचा 'अमरज्योती' 1936 मध्ये तिथे दाखवला गेला. पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ला व्हेनिसमध्ये गौरव मिळाला. दोन्ही सिनेमे प्रभातचेच.

1942 मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल कलामंदिर उभे केले. आजच्या अर्थाने ते 'इंडी' फिल्ममेकर नव्हते, त्यांच्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता. पण पैसा आपला, जोखीम आपली आणि विषयही आपण निवडलेला, या बाबतीत त्यांची अवस्था आजच्या स्वतंत्र दिग्दर्शकापेक्षा फार वेगळी नव्हती.

सोलापूरचा संबंध इथे येतो. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. भैय्या चौकातले त्यांचे स्मारक सोलापूरकरांना परिचित आहे. त्यांच्यावर शांताराम यांनी 1946 मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. परदेशी प्रेक्षकांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही तयार केली. सबटायटल्स नीट करा, असे आज फिल्ममेकरना सांगितले जाते. शांताराम त्याच्या पुढे जाऊन दुसरी आवृत्तीच काढत होते! पुढच्या वर्षी राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. हे रामजोशीही सोलापूरचेच.

होनाजी बाळावरचा 'अमर भूपाळी' 1952 मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. 'स्पर्धेत' हा शब्द महत्त्वाचा आहे. कानमध्ये महोत्सवाच्या काळातच चित्रपट बाजारही भरतो. तिथे पैसे भरून शो लावता येतो. अशा शोनंतर पोस्टरवर कानचे नाव मोठ्या अक्षरांत झळकते. बाजारात जाण्यात गैर काही नाही, खरेदीदार तिथेच भेटतात. पण ती महोत्सवाची निवड नव्हे.

बर्लिनमध्ये काय घडले?

1955 चा 'झनक झनक पायल बाजे' रंगीत होता आणि तुफान चालला. तसाच आणखी एक काढणे सोपे होते. शांताराम यांनी पुढे कृष्णधवल सिनेमा हाती घेतला आणि विषय घेतला सहा खुनी कैद्यांचा. 'दो आँखें बारह हाथ'चे मूळ सोलापूरच्या शेजारीच, आटपाडी तालुक्यातल्या स्वतंत्रपूरला आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली होती. कथा ग. दि. माडगूळकर यांची, म्हणजे त्याच माणदेशातल्या माणसाची. बैलासोबतच्या झुंजीचे दृश्य करताना शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले.

1957 च्या या सिनेमाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. 1958 मध्ये तो बर्लिनला गेला. ज्युरीचे अध्यक्ष होते हॉलिवूडचे दिग्दर्शक फ्रँक काप्रा. गोल्डन बेअर इंगमार बर्गमन यांच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला मिळाला, तर शांताराम यांच्या सिनेमाला ज्युरीचा विशेष सिल्व्हर बेअर. 1959 मध्ये गोल्डन ग्लोबचा सॅम्युअल गोल्डविन पुरस्कारही त्याला मिळाला.

तेव्हा आणि आता : काय बदलले?

त्या काळी महोत्सवाचे आमंत्रण देशाला यायचे आणि कोणता सिनेमा पाठवायचा हे बहुतेक वेळा तो देश ठरवायचा. सरकारदरबारी वजन नसलेल्या फिल्ममेकरला दार जवळपास बंदच. कानने 1972 मध्ये ही पद्धत मोडली आणि निवड स्वतःकडे घेतली. आज दिग्दर्शक थेट अर्ज करतो. काही महोत्सव स्वतःच्या वेबसाइटवर, तर बरेच फिल्मफ्रीवेसारख्या प्लॅटफॉर्मवर अर्ज घेतात. सुरुवातीला फक्त पासवर्ड असलेली लिंक पाठवावी लागते. थिएटरसाठीची डीसीपी फाइल निवड झाल्यावर लागते.

दार उघडले, तशी गर्दीही वाढली. प्रवेश फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही आणि मुदत जवळ येईल तशी ती वाढते. दर आठवड्याला बक्षिसे वाटणाऱ्या ऑनलाइन 'महोत्सवां'वर पैसे उधळण्याआधी तिथे खरोखर पडद्यावर शो होतो का, हे तपासायला हवे. सगळ्यात महागात पडते ती प्रीमिअरची अट. अनेक मोठ्या महोत्सवांना आधी कुठेही न दाखवलेला सिनेमा हवा असतो. उत्साहात यूट्यूबवर टाकलेली फिल्म तिथे बाद होऊ शकते. म्हणून आधी मोठ्या महोत्सवाचे उत्तर येऊ द्यावे आणि मग बाकीच्यांकडे वळावे.

शांताराम यांच्यानंतर 58 वर्षांनी, 2016 मध्ये, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' बर्लिनच्या जनरेशन विभागात निवडला गेला. 

शांताराम यांना 1985 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 30 ऑक्टोबर 1990 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी मुंबईत दर दोन वर्षांनी 'मिफ' महोत्सव भरतो. तिथला जीवनगौरव पुरस्कार शांताराम यांच्या नावाने दिला जातो. शॉर्टफिल्म तयार असलेल्यांना परदेशाआधी तिथेही अर्ज करता येतो.